गिलाव्यामागची ओल

जपानमधल्या सेंदाईत मी नक्की काय काम करते, असं पुण्याच्या नातेवाइकांनी विचारलं की मी सांगते, "लोकांच्या घरांच्या भिंती वाजवून बघते." त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. पण काम खरोखर तेच आहे. एका लांब दांडीच्या टोकाला लोखंडी गोळी असते. ती गोळी भिंतीवरून सरकवायची आणि ऐकायचं. गिलावा घट्ट बसलेला असेल तर आवाज भरीव येतो. मागून सुटला असेल तर पोकळ, कोरडा, जरा वरच्या पट्टीतला. आई बाजारात माठ घेताना टिचकी मारून बघायची, तितकं सोपं नाही. पण जातकुळी तीच.

पुण्यात सिव्हिलची पदवी घेऊन मी चार वर्षं साइटवर काढली होती. नंतर नवऱ्याचं संशोधन इथल्या विद्यापीठात सुरू झालं आणि आम्ही आलो. मुलगी लहान होती. पहिली काही वर्षं तिचं पाळणाघर, भाषेचे वर्ग आणि कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा हे शिकण्यात गेली. मग एका छोट्या कार्यालयात नोकरीसाठी गेले. जुन्या लाकडी घरांची तपासणी करणारं, मालक धरून चार माणसांचं कार्यालय. मालकांना सगळे 'शाचो' म्हणतात, मीही म्हणते. साठी उलटलेले, मूळचे सुतार, बोलणं मोजकं. माझे कागद त्यांनी उघडलेही नाहीत. मागच्या अंगणात नमुन्याची एक भिंत उभी होती, तिच्यासमोर मला नेलं, हातात ती दांडी दिली आणि म्हणाले, "कुठं सुटलाय ते खडूनं दाखवा."

मी तीन ठिकाणी गोल काढले.

"दोनच आहेत," ते म्हणाले. "मीच करून ठेवलेत."

"तीन आहेत," मी म्हटलं.

त्यांनी दांडी घेतली, तिसऱ्या गोलावरून दोनदा फिरवली, भुवया उंचावल्या आणि विचारलं, "सोमवारपासून येता येईल?"

हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी आहेच. माझा कान चांगला आहे हे मला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे, आणि पुढे जे घडलं त्यात त्या खात्रीचाही हात होता.

आपल्याकडे गिलावा विटेवर बसतो. इथल्या जुन्या घरांत भिंत म्हणजे लाकडाचा सांगाडा. उभ्या वाशांवर आडव्या पातळ फळ्या ठोकतात, त्यांवर डांबरी कागद, कागदावर तारेची बारीक जाळी, आणि त्या जाळीत सिमेंटचा गिलावा लिंपतात. बाहेरून पाहिलं तर भक्कम दगडी घर वाटावं. प्रत्यक्षात बोटभर जाडीचं कवच, स्टेपलच्या पिनांवर लटकलेलं. अशा भिंतीला पोट सुटलं की कारणं अनेक असतात. कधी नुसता रंगच फुगतो. बोटानं दाबला की फोडासारखा आत जातो, त्याची काळजी नको. कधी पिना गंजून जाळी सुटते. कधी मागच्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि गिलाव्याला बाहेर ढकलतात. कधी वासाच वाकतो. भूकंपानं तडा जातो तो वेगळा. बाहेरून मात्र सगळ्यांचं दिसणं एकच, भिंत गरोदर असल्यासारखी.

ज्या घराबद्दल सांगायचंय ते शहराच्या पश्चिमेला, टेकडीवरच्या जुन्या वसाहतीत. मे महिना होता. एका बाईंचा फोन आला होता. वय ऐंशीच्या आसपास, एकट्या राहणाऱ्या. भूकंपाचा एक मध्यम धक्का बसल्यावर घरदुरुस्तीची कामं मिळवत दारोदार फिरणारा कुणी विक्रेता त्यांच्याकडे आला होता, आणि "तुमची दक्षिणेची भिंत पुढच्या धक्क्याला अंगणात कोसळेल, आजच सही करा," असं सांगून गेला होता. बाईंनी सही केली नाही. पण तेव्हापासून त्या भिंतीच्या बाजूनं अंगणात जाईनात.

बसमधून उतरून चढ चढून मी पोचले तेव्हा त्या फाटकाशीच उभ्या होत्या. ठेंगण्या, ताठ, अंगावर स्वयंपाकाचा पांढरा झगा. मी परदेशी आहे याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं, पण चेहऱ्यावर दिसलं नाही. घराला वळसा घालून मला मागे नेलं आणि लांबूनच बोट दाखवलं.

फुगवटा चांगला मोठा होता. अंगणावर सावलीसाठी बसवलेलं, पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याचं एक छप्पर होतं. त्याच्या खाली, माझ्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत भिंत पुढे आली होती. कडेनं कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे आणि खालच्या बाजूला गंजाचा एक तपकिरी ओघळ.

मी पिशवीतून दांडी काढली तशी बाई म्हणाल्या, "हात न लावता नाही का सांगता येणार?"

"का?"

"ही भिंत माझ्या यजमानांनी केलीय. ते गवंडी होते. आयुष्यभर लोकांच्या भिंती लिंपल्या, आणि ही एकच स्वतःची. जाऊन सहा वर्षं झाली." मग जरा थांबून म्हणाल्या, "ठोकल्यावर पडली तर?"

"ठोकत नाही, नुसती सरकवते," मी म्हटलं आणि स्वतःच्या तळहातावर गोळी फिरवून दाखवली. त्यांनीही हात पुढे केला. त्यांच्या तळहातावरही फिरवली. मग त्यांनी मान हलवली.

मी अर्धा तास ऐकलं. पोकळ आवाज जिथे सुरू होई आणि जिथे संपे तिथे खडूनं खुणा केल्या, त्या जोडत गेले. मग भिंतीच्या वर आणि खाली सारख्या जाडीचे लाकडी ठोकळे धरून त्यांच्यावर सूत ताणलं. ठोकळे चाळीस मिलिमीटरचे. फुगवट्यापाशी सूत आणि भिंत यांत उरले अठरा. म्हणजे भिंत बावीस मिलिमीटर पुढे आली होती. कमी नाही, पण उद्या कोसळेल असंही नाही. तो विक्रेता खोटं बोलला होता हे मी तिथल्या तिथे सांगितलं आणि बाईंचे खांदे सैल पडलेले मला दिसले.

तिथेच थांबायला हवं होतं.

"मग कशानं झालं?" त्यांनी विचारलं. तोवर आम्ही आत येऊन बसलो होतो आणि त्यांनी जवाचा थंड चहा पुढे ठेवला होता.

अशी घरं मी तोवर शेकड्यांनी पाहिली होती. तिशी-चाळिशीचं घर, गंजाचा ओघळ, सुटलेली जाळी. उत्तर जिभेवरच होतं. मी म्हटलं, "त्या काळी जाळीला फार बारीक पिना मारायचे. अंतरही जास्त ठेवायचे. पकड मुळातच कमी असते, मग कालांतरानं गिलावा सुटतो. खूप घरांत दिसतं."

माझा पेला अर्धा भरलेला होता. बाईंनी तो उचलून आपल्या पेल्याशेजारी ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे आत नेला. इथे कुणी पाहुण्याचा अर्धा पेला उचलत नाही. परत येऊन त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि फाटकापर्यंत पोचवलं.

बसमध्ये बसल्यावर मला कळलं की मी काय बोलले. ज्या माणसानं ती भिंत केली त्याच्या बायकोला मी, तिच्याच घरात, तिच्याच चटईवर बसून, त्याचं काम कच्चं होतं असं सांगून आले होते. ते "त्या काळी" वगैरे म्हणून गुंडाळलं होतं खरं, पण बाईंनी आतलं बरोबर ऐकलं होतं.

रात्रीच्या जेवणाला हे घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "पण खरं असेल तर सांगायला नको का?" मला तेच ऐकायचं होतं. अकरा वर्षांची मुलगी मात्र वाटीतला भात ढवळत होती. तिच्याशी आम्ही मराठीत बोलतो, ती जपानीत उत्तर देते. ती म्हणाली, "मग ती आजी आता काय करत असेल?"

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी खडूच्या खुणांचा नकाशा कागदावर उतरवला. शाचो मागून येऊन उभे राहिले. मग त्यांनी पेन्सिलीचं टोक पोकळ भागाच्या वरच्या कडेवर ठेवलं.

"ही कड अशी सरळ का?"

मी बघत राहिले. ती रेषा मीच काढली होती. खालच्या आणि बाजूच्या कडा वेड्यावाकड्या, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या; वरची मात्र फूटपट्टीनं मारावी तशी आडवी, जवळजवळ दोन मीटर.

"आणि बाकीची भिंत?" त्यांनी विचारलं.

"खणखणीत आहे. पूर्ण भिंत वाजवली. एवढाच भाग सोडला तर कुठं काही नाही."

"हं."

एवढंच म्हणून ते आपल्या टेबलाकडे गेले. पण त्या 'हं'मध्ये सगळं आलं. पिनाच बारीक असत्या तर भिंत जागोजाग सुटली असती; जो हात एका कोपऱ्यात चुकतो तो दुसऱ्या कोपऱ्यातही चुकतो. आणि आपोआप सुटणाऱ्या गिलाव्याला सरळ कड कधी नसते. सरळ कड माणूस करतो. मी आदल्या दिवशी भिंतीचे काढलेले फोटो उघडले, आणि त्या रेषेच्या वर दोन बोटांवर छपराची ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीत स्क्रूंनी बसवलेली दिसली. काल ती माझ्या डोक्यावरच होती. मी सावलीत उभी राहून काम केलं होतं आणि सावली कुठून येतेय हे वर मान करून पाहिलं नव्हतं.

मी शाचोंच्या टेबलाशी गेले. "मी काल कारण सांगून आले," मी म्हटलं. "चुकीचं असावं."

"असावं की आहे?"

"अजून माहीत नाही."

"मग आधी तेवढंच जाऊन सांगा," ते म्हणाले. "आणि पाण्याची नळी घेऊन जा."

फोनवर बाईंचा आवाज सपाट होता. मी पुन्हा यायचं म्हणतेय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "झालं की आता. तुम्ही सांगितलंत ना." मी म्हटलं, तपासणी अपुरी आहे, माझ्याकडून राहिलीय. मग त्यांनी शनिवार सांगितला.

शनिवारी मी दारातच, चपला काढायच्या आधी, वाकले. मनात चार दिवस वाक्य तयार करत होते; ऐन वेळी त्यातलं निम्मं विसरले. म्हटलं, "गेल्या वेळी मी पूर्ण पाहण्याआधी बोलले. तुमच्या यजमानांच्या कामाबद्दल बोलले. मला तसं बोलायचा अधिकार नव्हता. कारण काय आहे ते मला आजही माहीत नाही. पण ते शोधायला आलेय."

बाई खाली माझ्याकडे पाहत होत्या. "मला गोड बोललेलं नको," त्या म्हणाल्या. "त्यांचं चुकलं असेल तर तेही सांगा. पण खात्रीनं सांगा. दोन वर्षं ही भिंत फुगतेय. रोज वाळत घातलेले कपडे काढताना मला दिसतेय, आणि मी मनात म्हणतेय, अहो, हे असं कसं केलंत तुम्ही."

मग आम्ही कामाला लागलो. 'आम्ही' म्हणतेय, कारण त्या दिवशी बाई माझ्याबरोबरच होत्या.

आधी आतून. फुगवट्याच्या मागे अर्ध्या भागात चटयांच्या खोलीतलं गाद्यांचं कपाट होतं आणि अर्ध्या भागात न्हाणीघर. न्हाणीघरातून पाणी झिरपत असेल तर सगळी गोष्टच बदलते. ओल मोजायचं छोटं यंत्र मी आतल्या भिंतीला लावत गेले आणि आकडे टिपले. कपाट रिकामं करायला बाईंनी मदत केली. गाद्या, जुने रग, एक शिलाई मशीन. कपाटात डोकं घातलं तर खालच्या कोपऱ्यात ओल्या लाकडाचा वास. वासा वाकलाय का तेही पाहिलं: वासा बाहेर गेला असता तर आतली भिंतही त्याच्यामागे गेली असती, पण आत सूत ताणलं तर ती सरळ होती. म्हणजे सांगाडा जागेवर, फक्त कवच पुढे आलेलं.

"तीन दिवस अंघोळीचा हौद आणि शॉवर बंद ठेवाल?" मी विचारलं. "ओल न्हाणीघराची असेल तर तेवढ्यात आकडे उतरतील."

"शेजारणीकडे जाईन," त्या म्हणाल्या. "तिला सोबतच हवी असते."

तीन दिवसांनी आकडे तेच होते, एकही उतरला नव्हता. न्हाणीघर निर्दोष सुटलं.

मग पाण्याची परीक्षा. ती करायची एक रीत आहे, आणि रीत मोडली तर परीक्षा फुकट जाते. नळी नेहमी खालून वर न्यायची. आधी भिंतीचा पाया, मग मधला भाग, मग खिडकीचे खालचे कोपरे, मग वरचे. दर टप्प्यावर बराच वेळ पाणी सोडायचं आणि वाट पाहायची. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यांवरूनच वाहत खाली येतं, आणि आत कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. हे मी बाईंना समजावलं. त्या आत गेल्या आणि स्वयंपाकाचं घड्याळ, छत्री आणि बसायला एक प्लास्टिकचं स्टूल घेऊन आल्या. आत कपाटात मी यंत्र टेकवून ठेवलं होतं. घड्याळ वाजलं की त्यांनी आत जायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, असं ठरलं.

पाया. अर्धा तास. "तेवढाच!"

मधला भाग, खुद्द फुगवट्यावर. अर्धा तास. "तेवढाच!"

खिडकीच्या कोपऱ्यांवर मला थोडा संशय होता, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच आत जातं. डावा कोपरा, उजवा कोपरा. "काही नाही!" आतून आवाज आला, आणि तो आवाज आता फोनवरच्यासारखा सपाट नव्हता.

दुपार झाली. त्यांनी भाताचे गोळे केले होते. आंबट आलुबुखाऱ्याचे आहेत, तुम्हाला चालेल का, असं विचारून दिले. मी दोन खाल्ले. आम्ही ओल्या अंगणात स्टुलावर आळीपाळीनं बसलो. त्या म्हणाल्या, "ते असते तर त्यांनी तुम्हाला प्रश्न विचारून हैराण केलं असतं. नळी अशी का धरलीत, तशी का नाही."

मग मी शिडी लावली आणि छपराच्या पट्टीवर, जिथे ती भिंतीला टेकते त्या सांध्यावर, पाणी सोडलं. जोरात नाही, पावसाचं पाणी भिंतीवरून उतरतं तसं. सांध्यात भरलेलं रबरासारखं सीलंट जवळून पाहिलं तर वाळून चिरलेलं होतं, नखानं उचलता येईल असं.

अकरा मिनिटं झाली. घड्याळ अजून वाजलं नव्हतं. बाई आपणहूनच आत गेल्या होत्या.

"चढतोय!" त्या ओरडल्या. "अहो, चढतोय! अजून चढतोय!"

मी शिडीवरून खाली पाहिलं. गिलाव्याच्या खालच्या कडेला, त्या तपकिरी ओघळाच्या टोकाशी, पाणी थेंब थेंब गळायला लागलं होतं. बाहेरच्या अंगानं तिथे एक थेंबही पोचत नव्हता. ते मागून येत होतं. पट्टीच्या स्क्रूंच्या भोकांतून आत, गिलाव्याच्या मागून खाली. दर पावसाला, दर बर्फ वितळताना, वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

मी नळी बंद करून खाली उतरले. बाई बाहेर आल्या. मी त्यांना थेंब दाखवले, स्क्रू दाखवले, सीलंट दाखवलं. मग म्हटलं, "आता खात्रीनं सांगते. पाणी या छपराच्या पट्टीतून जातंय. भिंत करताना हे छप्पर नव्हतं. ते नंतर कुणीतरी बसवलं. त्यांनी केलेल्या भिंतीत दोष नव्हता. तिला नंतर भोकं पाडली गेली."

त्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ पट्टीकडे बघत राहिल्या.

"मीच," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही.

"छप्पर मीच बसवून घेतलं. ते शेवटच्या वर्षी आजारी होते. श्वास पुरायचा नाही. घरात पडून राहायचे नाहीत, अंगणात खुर्ची टाकून बसायचे, पाऊस आला तरी उठायचे नाहीत. म्हणून मी माणूस बोलावून हे करून घेतलं. तो माणूस स्क्रू मारत होता आणि हे खुर्चीतून त्याला सांगत होते, 'वर पत्रा वाकवून घाल, भिंतीत खाचून घाल, नुसत्या रबरावर ठेवू नको, रबर चार वर्षांत मरतं.' आवाज फुटत नव्हता, पण बोलत होते. तो माणूस गोंधळला. मला लाज वाटली. मी म्हटलं, 'पुरे झालं आता. दुसऱ्याच्या कामात बोलू नका.'" त्यांनी झग्याच्या टोकानं डोळे पुसले. "मग ते गप्प बसले. माझं ऐकायचे तसे कधी नाही. त्या दिवशी ऐकलं."

मी त्यांच्याशेजारी ओल्या फरशीवरच बसले. माझ्या निदानानं एकाचा दोष गेला होता आणि दुसऱ्याच्या पदरात पडला होता, आणि ती दुसरी व्यक्ती माझ्या शेजारी बसली होती.

शेवटी मी विचारलं, "छप्पर झाल्यावर ते बसायचे का त्याच्याखाली?"

"रोज," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरपर्यंत. पाऊस पडला की मुद्दाम जाऊन बसायचे. पत्र्यावरचा आवाज आवडायचा." मग त्यांना हसू आलं; आधी थोडं, मग चांगलंच. "आणि वर बघून म्हणायचे, बघ, पाणी जाणार."

मीही हसले. ती हसत होती म्हणून. त्या क्षणी मनात त्यांना मी 'ती' म्हटलं हे आत्ता लिहिताना लक्षात आलं, राहू दे.

जूनच्या पावसाआधी भिंत उघडली. शाचोंनी स्वतः सुताराचं काम घेतलं आणि गिलाव्यासाठी त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या गवंड्याला आणलं. फुगलेला भाग कापून काढायचा होता. कापायचं यंत्र सुटलेल्या भागात लोण्यातून जावं तसं गेलं. चांगल्या भागात शिरलं तेव्हा गवंड्यानं दोनदा थांबून पातं तपासलं. "हा भाग सुटतच नाहीये," तो कुरकुरला. मग कवच उतरलं आणि आतलं दिसलं.

पिना बारीक नव्हत्या. लांब होत्या, दाट होत्या, आणि ओल पोचली नव्हती तिथे अजून चमकत होत्या. डांबरी कागद एकावर एक भरपूर चढवलेला. खिडकीच्या कोपऱ्यांवर, जिथे तडे हमखास जातात, तिथे जाळीचे जादा तुकडे तिरपे बसवलेले; खिडकीचे कोपरे परीक्षेत कोरडे का राहिले ते तेव्हा कळलं. स्क्रूंच्या खाली मात्र जाळीचा नुसता गंजाचा चुरा उरला होता आणि फळ्या काळ्या पडून फुगल्या होत्या. एका वाशाचा पायाकडचा हातभर भाग कुजला होता. वाळवी नव्हती, शाचोंनी सुरीच्या टोकानं वासा टोचत टोचत वर नेला आणि जिथे लाकूड घट्ट लागलं तिथे पेन्सिलीनं रेघ मारली.

गवंडी ते तिरपे तुकडे बघत उभा राहिला. "हे कुणी केलं?"

"माझ्या यजमानांनी," बाई म्हणाल्या.

"असं आता कुणी करत नाही," तो म्हणाला. "तेव्हाही फारसं कुणी करत नव्हतं." आणि टोपी काढावी तसा त्यानं डोक्याला बांधलेला टॉवेल सोडला.

दुरुस्तीला आठ दिवस लागले. वाशाचा कुजका भाग कापून नवा जोडला, फळ्या बदलल्या, नवा डांबरी कागद वरच्या जुन्याच्या खाली सरकवून घेतला, म्हणजे वरून येणारं पाणी बाहेरच पडेल. छप्पर काढून टाकू का, असं शाचोंनी विचारलं तर बाई ठाम नाही म्हणाल्या. मग त्याला स्वतःचे चार खांब दिले; आता ते भिंतीला न टेकता उभं आहे आणि दोघांमध्ये तळहाताएवढी फट आहे. पाऊस जोराचा असला की त्या फटीतून थोडं पाणी अंगणात पडतं. पडू दे, असं बाई म्हणतात.

नव्या गिलाव्याचा पोत जुन्याशी जुळेना. गवंड्यानं तीनदा नमुने करून दाखवले. थोडा फरक राहतच होता. सगळी भिंत नव्यानं रंगवली तर कळणार नाही, असं त्यानं सुचवलं. बाईंनी दोन्हींवरून हात फिरवला. "कळू दे," त्या म्हणाल्या. "त्यांचं कुठं संपतं ते मला कळायला हवं."

त्या दिवसापासून मी पहिल्या भेटीत कारण सांगत नाही. काय दिसलं ते सांगते, धोका आहे की नाही ते सांगते, आणि थांबते. लोक आग्रह करतात, चिडतातही. मी गप्प राहते. माझा कान पूर्वीइतकाच चांगला आहे, आणि त्यावरचा माझा भरवसा तसूभरही कमी झालेला नाही. पण कान फक्त कुठं ते सांगतो. का ते सांगायला नळी लागते, सूत लागतं, तीन दिवस थांबावं लागतं, आणि बहुतेक वेळा घरातल्या माणसाला विचारावं लागतं.

गेल्या शरदात बाईंचा पुन्हा फोन आला. पण त्यांची भिंत ठीक होती. शेजारणीच्या, त्या अंघोळीवाल्या शेजारणीच्या, पूर्वेच्या भिंतीला फुगवटा आला होता. मी गेले तेव्हा दोघी फाटकाशी उभ्या होत्या. मी दांडी काढायच्या आत बाईंनीच शेजारणीला बजावलं, "हिला कारण लगेच विचारू नकोस हं. नाही सांगणार. आणि तुझ्याकडचं स्टूल आहे ना, ते बाहेर काढून ठेव, दिवस जातो यात."

मी गोळी भिंतीवर टेकवली आणि ऐकायला लागले.